हिरवा लागला की काढा

वैशाखातल्या एका दुपारी, परभणीकडच्या माझ्या मामेभावाने माळ्यावरून फवारणीचा बॅटरी पंप खाली काढला, त्यावरची कोळिष्टके फडक्याने झटकली आणि मृग जवळ आला म्हणून चार्जरची पिन बोर्डात खोचली. चार्जरवरचा दिवा क्षणभर लाल झाला आणि लगेच हिरवा झाला. "दादा, बघा, दिवाळीपासून पडून होता तरी लगेच फुल झाला," असे तो कौतुकाने म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. ज्यांच्या घरी असा पंप आहे त्यांना पुढचे सांगायला नको. खटका दाबल्यावर मोटर एकदा घुरघुरली, नोझलच्या तोंडाशी चार थेंब जमले आणि सगळे थंड झाले.

त्या हिरव्या दिव्यावर माझा जुना राग आहे. चार्जर काही बॅटरीच्या पोटात डोकावून पाहत नाही. आपल्यातून करंट किती जातो एवढेच त्याला कळते आणि तो अगदी कमी झाला की बॅटरी भरली असे समजून तो मोकळा होतो. भरलेली बॅटरी करंट घेत नाही हे खरे, पण मेलेली बॅटरीही घेत नाही, आणि या दोन अवस्थांमधला फरक त्या दिव्याच्या हिशेबात नाही. पंपाच्या तळाशी बसवलेला तो बारा व्होल्टचा, आठ अँपिअर-अवरचा काळा डबा मी बाहेर काढून मीटर लावला, तर काटा पाचाच्या पुढे गेला नाही. डब्याच्या पाठीवर 'मेंटेनन्स फ्री' असे मात्र ठसठशीत छापलेले होते.

माझ्या लहानपणी बॅटरीला देखभाल लागते हे कोणाला सांगावे लागत नसे, कारण बॅटरी उघडी होती. गावात वीज बेभरवशाची, म्हणून रविवारी सकाळी टीव्हीसाठी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जाई, आणि ती उतरली की वडील ती सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून तालुक्याच्या गावी चार्जिंगच्या दुकानात नेत. सायकल हाताने ढकलत जायची आणि मी मागून बॅटरीला हात लावून चालायचे, असा आमचा क्रम होता. एसटी स्टँडमागच्या त्या अंधाऱ्या दुकानात लाकडी फळीवर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत, सगळ्यांची बुचे काढून वर ठेवलेली असत आणि आतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत असे. घशात खवखवणारा तो आम्लाचा वास मला फार आवडायचा. दुकानदाराच्या खाकी पॅन्टीला मांडीवर चाळणीसारखी भोके असत. आम्लाचा थेंब उडतो तेव्हा काहीच दिसत नाही, पॅन्ट धुतली की भोक पडते, हे ज्ञान मला त्यांच्याकडून मिळाले. ते रबरी फुग्याची काचेची नळी एकेका भोकात घालून आम्ल वर ओढत आणि आतला तरंगता काटा उजेडाकडे धरून म्हणत, "ग्रॅव्हिटी आली नाही अजून, उद्या न्या." ग्रॅव्हिटी म्हणजे आम्लाचा दाटपणा; नळीत त्याचा आकडा बाराशे पन्नासच्या वर चढल्याशिवाय ते बॅटरी हातात देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मूळ रसायन तेव्हाचे आणि आजच्या डब्यातले एकच आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी गंधकाम्लात बुडवली, तेव्हापासून त्यात फारसा बदल नाही. बॅटरी वापरताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते, चार्ज करताना ते सल्फेट पुन्हा विरघळून आम्ल दाट होते. सीलबंद बॅटरीत एवढेच केले आहे, की आम्ल मोकळे न ठेवता काचेच्या तंतूंच्या पातळ गादीत शोषून ठेवले आहे. चार्जिंगच्या वेळी एका पट्टीवर सुटलेला प्राणवायू त्या गादीतल्या मोकळ्या जागेतून दुसऱ्या पट्टीपर्यंत पोचतो आणि त्याचे परत पाणी होते, म्हणून वरून पाणी घालावे लागत नाही. झाकणाखाली रबराच्या सहा लहान टोप्या असतात. चार्जिंग अतोनात झाले, की त्या उचलल्या जाऊन वायू बाहेर पडतो आणि तेवढे पाणी कायमचे जाते. काही हौशी लोक झाकण उचकटून इंजेक्शनच्या सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर सोडतात. मी त्या खटपटीला हसत नाही, पण तिच्यावर भरवसाही ठेवत नाही.

पाणी नको, एवढाच 'मेंटेनन्स फ्री' या छापील शब्दांचा अर्थ आहे. ताजे सल्फेट चार्जिंगमध्ये सहज विरघळते, पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली, की तेच सल्फेट पावसाळ्यात बरणीतले मीठ बसते तसे घट्ट बसते, आणि मग कोणताही हिरवा दिवा ते हलवू शकत नाही. म्हणजे ही बॅटरी कामाने जेवढी मरते त्याहून अधिक ती रिकामी पडून मरते. शेवटची फवारणी झाली, की पंप धुऊन माळ्यावर टाकण्याआधी ती पूर्ण भरून ठेवावी, वायर सुटी करावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा चार्ज करावी, एवढे पुरते. हे मी मामेभावाला दरवर्षी सांगतो आणि तोही दरवर्षी "हो दादा" म्हणतो.

या बाबतीत मी जरा विचित्र आहे, हे घरच्यांचे मत मला मान्य आहे. पुण्याच्या घरी यूपीएसच्या आणि इमर्जन्सी लाइटच्या बॅटरीवर मी मार्करने विकत घेतल्याची तारीख लिहितो, आणि कोणाकडे जेवायला गेलो तरी टेबलाखाली मळून पडलेला यूपीएस दिसला की माझे लक्ष जेवणात राहत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावून बरोबर बारा आकडा आला, की लोक समाधानाने मान डोलावतात, तेव्हा तर मला राहवत नाही. चार्जरवरून काढून काही तास निवांत ठेवलेली भरलेली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते. बारा म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली, आणि वापरताना १०.५ च्या खाली गेली की तिचे आयुष्य कुरतडले जाऊ लागले. सतत चार्जरला जोडून ठेवायची असेल तर चार्जरचे व्होल्टेज १३.६ च्या आगेमागे, आणि रोज उतरवून रोज भरायची असेल तर साडेचौदापर्यंत, हे आकडे मला नातेवाइकांच्या फोन नंबरांपेक्षा जास्त पाठ आहेत.

उन्हाळा हा तिचा दुसरा वैरी. ही बॅटरी पंचवीस अंशांचा हिशेब धरून बनवलेली असते आणि त्यावर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. मराठवाड्यात पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान असते, हे तिथे धान्याची पोती चढवणाऱ्याला विचारावे. चांगला चार्जर उष्णता वाढली की व्होल्टेज थोडे उतरवतो. पंपाबरोबर मिळणाऱ्या त्या हलक्या चार्जरकडून ती अपेक्षा नाही. मग बॅटरी फुगते, डब्याच्या कडा गोलसर होतात, आणि तिला तिच्या खणातून बाहेर काढायला पेचकस लागतो.

मात्र अलीकडे मला बॅटरी मेल्यानंतरचेच जास्त छळते. तिच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग शिशाचा, म्हणून ती कधी फुकट जात नाही. भंगारवाला ती आनंदाने घेतो. ती रीतसर कारखान्यात गेली तर त्याच शिशाची पुन्हा बॅटरी होते. पण कुठे तरी उघड्यावर कोणी ती कुऱ्हाडीने फोडतो, आम्ल गटारात ओततो आणि पट्ट्या भट्टीत वितळवतो, तेव्हा शिसे धुरावाटे आसपासच्या अंगणांत जाऊन बसते, आणि लहान मुलांच्या रक्तातले शिसे कितीही थोडे असले तरी निर्धोक मानले जात नाही. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गेल्या वर्षी घरच्या यूपीएसची बॅटरी संपली, तेव्हा भंगारवाला जास्त पैसे देत असतानाही मी ती दुकानात नेऊन दिली. दुकानदाराने नव्या बॅटरीच्या बिलातून थोडे पैसे वजा केले आणि जुनी बॅटरी मागच्या ढिगावर टाकली. ती पुढे कुठे जाते, असे मी विचारले, तर तो म्हणाला, "गाडी येते ना, काका." कोणाची गाडी, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हते.