मिरकरवाड्यात रसेल पीटर्स

स्टँड-अपचा व्हिडिओ चालू असला की माझं लक्ष स्टेजकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त असतं. जाळी, दोर, बोये विकता विकता लागलेली ही खोड आहे. गिऱ्हाईक तोंडाने "महाग आहे" म्हणतं, पण दोर बोटांत फिरवताना त्याचा चेहरा काय म्हणतो त्यावर भाव ठरतो.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपली होती, कागदावर मासेमारी सुरू होती, आणि बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला. मिरकरवाड्यात, रत्नागिरीच्या या मासळी बंदरात, नौका एकमेकींना खेटून उभ्या. खलाशी येऊन बसलेले, त्यांचा शिधा मालकाच्या डोक्यावर, काम शून्य. अशा दिवसांत संध्याकाळी माझ्या दुकानात माणसं टेकतात. घेत काही नाहीत, पावसातून आत आल्याबद्दल लादी तेवढी ओली करतात. भाचा पुण्याहून सुट्टीवर आला होता. त्याने दुकानातल्या टीव्हीला मोबाइल जोडला आणि रसेल पीटर्स लावला.

लावताना मला हळूच म्हणाला, "मामा, यांना झेपणार नाही. इंग्रजी आहे, त्यात कॅनडातलं."

रसेल पीटर्स हा टोरांटोत जन्मलेला, शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला. आईवडील भारतातून तिकडे गेलेले अँग्लो-इंडियन. २००४ साली कॅनडाच्या टीव्हीवर त्याचा एक कार्यक्रम झाला, त्याचे तुकडे पुढे यूट्यूबवर आले आणि जगभर फिरले. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सनेही त्याचा कार्यक्रम काढला. धंदा एकच: चिनी, अरब, गोरे, काळे, आपण, सगळ्यांच्या बोलण्याच्या नकला. पहिल्या रांगेतल्या माणसाला विचारायचं, तू कुठला, आणि मग त्याला सोडायचा नाही.

ही पद्धत आमच्याकडे कुणाला नवीन वाटली नाही. नमनातल्या, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यातल्या, गौळणीत मावशी हेच करते. पुढे बसलेल्या सरपंचाला, नव्या जावयाला, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला नाव घेऊन झोडते. ज्याला झोडते तो लाजतो, पण दुसऱ्या दिवशी "काल मला केवढा धरला" हे तोच घरोघर सांगत फिरतो.

पहिला लागला तो चिनी दुकानदाराचा किस्सा. भारतीय माणसाला भाव कमी केल्याशिवाय वस्तू गोड लागत नाही आणि चिनी माणूस एक पैसा सोडत नाही, त्यामुळे या दोघांचा व्यवहार होणंच शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. घासाघीस चालते, आणि मोठे उपकार केल्यासारखा तो दुकानदार पन्नास सेंट उतरवतो. भाचा मध्ये मध्ये मराठीत सांगत होता, पण त्याची गरज नव्हती. आवाजाचे चढउतार, मान वळवणं, "जातो मग" म्हणून पाय न हलवणं, हे कुणाला शिकवायला लागत नाही. बाकड्यावर आमच्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे नौकेचे कप्तान, बसले होते. ते एकदम उठले आणि माझ्याकडे बोट करून ओरडले,

"अरे, ह्यो बघा, ह्योच तो चिनी!"

दुकान हसलं. मी गल्ल्यावर बसलेला भारतीय, स्वतःला त्या गिऱ्हाइकाच्या जागी धरून हसत होतो आणि इकडे माझी नेमणूक चिनी म्हणून झालेली. पुढे तासभर कुणी काही बोललं की "चिन्याला विचारा". यानंतर मी टीव्हीकडे बघणं जवळपास सोडलंच. कारण खेळ इथे चालला होता. पीटर्सने देश वाटले होते, आमच्या माणसांनी ते पुसून तिथे गल्ल्यावरचा, बाकड्यावरचा, बर्फाच्या कारखान्यावरचा माणूस बसवला. कॅनडा कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही आपापल्या भूमिका ओळखल्या.

बापाच्या किस्स्यालाही तेच. गोरा मित्र शिकवतो, बाप मारायला आला तर सरकारी माणसांना फोन करेन म्हण. पोरगा घरी येऊन तसं म्हणतो. बाप फोन हातात आणून देतो, आणि थंडपणे हिशेब सांगतो की ती माणसं पोचेपर्यंत मधे इतका वेळ आहे, तेवढा मला पुष्कळ. इथे तांडेल हसले नाहीत. मांडीवर हात मारून "ह्यो तं आमचा बापूसच की रं" एवढंच म्हणाले, आणि मग वल्ह्याने खाल्लेल्या माराची त्यांची स्वतःची गोष्ट सुरू झाली. व्हिडिओ थांबवावा लागला. गोष्ट पीटर्सपेक्षा लांब होती आणि, खरं सांगायचं तर, त्याच्याइतकी बांधेसूद नव्हती.

मग अरब आले, आणि हसू पडलं.

आमचे चाचा राजीवड्याचे. आयुष्य कुवेतमध्ये गेलं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा हजारो भारतीयांसारखे तेही बसने अम्मानपर्यंत आणि तिथून विमानाने मुंबईला आले, आणि परिस्थिती निवळल्यावर परत तिकडेच गेले. राजीवडा, मिरकरवाडा, दाभोळपर्यंतच्या खाडीकाठच्या गावांतल्या कितीतरी घरांची हीच कथा. अशा माणसाला भाचा अरबाची नक्कल दाखवत होता. चाचांनी चष्मा पुसून ऐकलं आणि निकाल दिला.

"ह्यो मिसरी नाय, कुवेती पन नाय. ह्यो पिच्चरमदला अरब हाय."

आणि करून दाखवलं. मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमन 'ज' चा 'ग' कसा करतो, 'प' नसल्यामुळे कुवेती पोलीस 'बार्किंग, बार्किंग' म्हणून गाडी कशी हटवायला लावतो, आणि दोघांसमोर आमचा कोकणी ड्रायव्हर दोन्ही प्रकारच्या अरबीत कसा गप्प बसतो. ते गप्प बसणं त्यांनी इतकं हुबेहूब केलं की चहा घेऊन आलेला पोरगा दारातच थबकला.

पीटर्सबद्दल माझं मत तिथेच पक्कं झालं. जिथे पैसा, बाप किंवा लाज मधे येते तिथे तो अस्सल आहे, कारण ते त्याने घरात बघितलंय. जिथे नुसता उच्चार आहे तिथे तो हॉटेलच्या खिडकीतून बघितलेला माणूस करतो. उच्चार एकदा हसवतो, दुसऱ्यांदा नाही. पुढच्या काही कार्यक्रमांत हे जास्तच जाणवतं. भाचा तावातावाने म्हणाला की मुळात असल्या नकलाच आता चालत नाहीत. 'द सिम्पसन्स' मधल्या अपू या भारतीय दुकानदारावर हरी कोंडाबोलू या अमेरिकेतल्या विनोदवीराने २०१७ मध्ये माहितीपट काढला, आणि त्याला आवाज देणाऱ्या हँक अझारिया या गोऱ्या नटाने २०२० मध्ये तो आवाज सोडला. कारण शाळेत आपल्या पोरांना त्याच आवाजात चिडवायचे.

हे चालू असताना मागे, दोरांच्या भेंडोळ्यावर, तांडेलांच्या नौकेवरचा नेपाळी खलाशी बसला होता. इथली पोरं त्याला बघितलं की "शाब जी, शाब जी" करतात. त्याच्यासमोर करतात, तो बर्फाची लादी उचलून चालू लागतो. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी, नौकांवर नेपाळी, आणि सगळ्यांना एकच नाव, बहादूर. भाच्याचं अपूपुराण सुरू झालं तेव्हा एकदोघांनी मागे वळून बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. मीही त्यातलाच.

चाचांच्या डोळ्यांतून मात्र काही सुटत नाही. म्हणाले, "तू कर रे. तुझ्या तांडेलची कर."

तो आधी नको नको म्हणाला. तांडेलांनीच हुकूम सोडला, "कर, बगू तरी." मग तो उठला, हाफपँट वर ओढली, कानात करंगळी फिरवली, आणि दुकानात दोन तांडेल झाले. आधी खलाशांवर ओरडणारा. मग तोच, मालकाचा फोन आल्यावर, "होय शेठ, होय शेठ" करत कमरेत वाकत जाणारा. बोली आमचीच, त्याच्या हिंदीची फोडणी दिलेली. माणसं भिंतीला टेकून हसत होती. तांडेल स्वतः डोळे पुसत होते.

इतक्यावर थांबला असता तर बरं. पण हसू मिळालं की कलावंत थांबत नाही. त्याने माझ्या काउंटरवरचा स्टेपलर तोंडाशी धरला आणि वायरलेस सुरू केला. एका हाताने जाळं ओढणाऱ्यांना "जोर लावा, भरलाय, भरलाय" अशा खुणा, आणि स्टेपलरमध्ये रडवेला आवाज, "काय नाय रं, खालीच हाय. हिकडं येव नको, डिझेल फुकट जाईल."

आता हे सगळेच तांडेल करतात. मासा कुठे लागला ते वायरलेसवर खरं सांगणारा अजून जन्मायचाय. म्हणून सगळे हसले, दाराशी बसलेले दुसऱ्या नौकेचे तांडेलही हसले. मग त्यांचं हसू हळूहळू आवरत गेलं. काहीतरी हिशेब चालला होता.

"ह्या कधीचा रं?" त्यांनी नेपाळ्याला विचारलं.

"बांगडा बहुत मिला था ना शेठ, दिवाली के बाद. उस दिन."

"त्या दिवशी तू मला खाली म्हनालास?" दुसरे तांडेल उठून उभे राहिले. "मी नौका पुरनगडाकडे वळवली तुझ्या शबदावर!"

आमच्या तांडेलांनी बाकड्यावर जागा सरकवून त्यांना बसायला केली, चहाच्या पोराला सगळ्यांसाठी वडे सांगितले, माझ्या खात्यावर, आणि भाच्याकडे वळून म्हणाले, "लाव रं तो कॅनडावाला. लाव लवकर, आवाज मोटा कर."