रस्त्याची मोजमाप पुस्तिका (एमबी) माहिती अधिकारात मागवताना: माझा अनुभव

गावातला काँक्रीट रस्ता वर्षभरात उखडला की लोक माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि त्यात विचारतात, "काम निकृष्ट का झाले?" असा अर्ज फेटाळला जातो, आणि तो नियमाला धरूनच फेटाळला जातो. दप्तरी जे आहे तेवढेच द्यायचे. नवा खुलासा किंवा मत तयार करून देण्याचे बंधन जन माहिती अधिकाऱ्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आदित्य बंदोपाध्याय खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून मी कारणे विचारत नाही. कागद नाव घेऊन मागतो.

अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेली देयके आणि काम पूर्णत्वाचा दाखला, एवढे पुरते. यात मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, सगळ्यांत मोलाची, कारण तिच्यातल्या मापांवरच बिल निघते. समजा तिच्यात लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर आणि जाडी ०.१५ मीटर लिहिली आहे, म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात सगळीकडे १२ सेंटिमीटरच भरले तर ३६ घनमीटर होते आणि ९ घनमीटरचा हिशेब लागत नाही. मात्र एकाच जागी टेप लावून निष्कर्ष काढू नये. कडेला जाडी कमी-जास्त असतेच, तेव्हा उखडलेल्या किंवा कापलेल्या चार-पाच ठिकाणी साक्षीदारांसमोर मोजावे आणि टेपचे आकडे दिसतील असे फोटो घ्यावेत.

अर्ज जोडपत्र 'अ' नमुन्यात, १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला तर शुल्क माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत; दोन रस्ते असतील तर मी दोन अर्ज करतो. कामाचे नाव अंदाजपत्रकात असते तसेच लिहावे, आर्थिक वर्ष आणि योजनेचे नाव घालावे. ही माहिती कामाच्या फलकावर सापडते. अर्ज हाती दिला तर पोच घ्यावी आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आहे ना ते तिथेच पाहावे. उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे असेल तर ग्रामपंचायतीत एमबी बहुधा नसते. तरीही "आमच्याशी संबंधित नाही" म्हणून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) खाली तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. शुल्काचे पत्र आले तर प्रतींचे पैसे, पानामागे २ रुपये, लगेच भरावेत, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. मुदत उलटून गेली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

"माहिती विपुल आहे" हे उत्तर नेहमीचे. कलम ७(९) ने माहिती देण्याचे स्वरूप बदलता येते, माहिती नाकारता येत नाही. त्यावर मी अभिलेख पाहणी मागतो. पहिला तास मोफत असतो, आणि अख्खी नस्ती समोर आली की नेमकी कोणती पाने हवीत ते कळते.

उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टँप. सुनावणीला भाषण नको. काय मागितले, काय दिले आणि काय राहिले, एवढा तक्ता एका पानावर न्यावा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० अशी शास्ती आयोगच लावू शकतो. पण आयोगापुढे तारीख लागायला फार वेळ जातो आणि तोवर ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपू शकते. माझ्या मते ही या कायद्याची सर्वांत मोठी दुखरी जागा आहे. म्हणून अपील चालू ठेवूनच फक्त एमबीच्या पानांसाठी नवा, छोटा अर्ज करावा.

प्रती हातात आल्या की दोषदायित्वाची मुदत पाहून उपअभियंत्याकडे दुरुस्तीची लेखी मागणी करावी. मापांतला फरक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचा अर्जही सोबतच द्यावा आणि सभेनंतर इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागून घ्यावी.