पाच मिनिटं, एक जुना, एक नवा

आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी दुपारी एक कार्यक्रम असतो, पत्रिकेत त्याचं नाव 'चित्रपट रसास्वाद' असं भारदस्त छापतात पण सगळे त्याला नुसतं 'सिनेमाचं' म्हणतात. 'सिनेमाचं किती वाजता आहे?' एवढंच. सुरू झालं तेही अपघातानेच. एका वर्षी एकांकिका बसवली होती आणि मुख्य काम करणाऱ्याचा आवाज ऐनवेळी बसला, घोगराबिगरा नाही, बंदच, मग तासभर स्टेजवर करायचं काय म्हणून गणित शिकवून रिटायर झालेल्या आमच्या एका काकूंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, मी परवाच एक जुना पिक्चर बघितला, त्याच्याबद्दल बोलते, नंतर ज्याला बोलायचंय त्याने वर या. लोक येतच राहिले. एकांकिका काय होती ते आज कुणाला आठवत नाही.

नियमही काकूंचेच. प्रत्येकाला पाच मिनिटं, एक जुना सिनेमा आणि एक नवा, दोन्ही याच वर्षात बघितलेले. 'छान', 'मस्त' आणि 'बोअर' हे तीन शब्द बाद. कुठला सीन, त्यात काय दिसलं, ते सांगायचं. पाच मिनिटं झाली की टेबलावरची घंटी. ती वाजवताना त्यांचा चेहरा पेपर काढून घेताना असायचा तसाच.

जुना कशाला म्हणायचं यावर दरवर्षी भांडण ठरलेलं. कॉलेजातल्या एका पोरीने 'रंगीला' जुना म्हणून आणला तेव्हा आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीतले हसलो, हा काय जुना म्हणे, कालचा पिक्चर. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही 'प्यासा' जुना म्हणून कधी बघितला होता? मी म्हटलं १९८५ च्या आसपास. ती म्हणाली, म्हणजे १९५७ चा सिनेमा तेव्हा २८ वर्षांचा होता, आणि 'रंगीला' १९९५ चा, आता तुम्हीच करा हिशोब. काकूंनी तिला गणितासाठी एक मिनिट जास्त दिला. त्या दिवशी घरी जाऊन मी आरशात जरा जास्तच वेळ बघितलं असेल.

सगळ्यात जास्त मजा यायची ती कुणीतरी साधं काहीतरी बोलून जायचं आणि त्यातून मोठं काहीतरी निघायचं तेव्हा. एक आजोबा होते, फार बोलायचे नाहीत, त्यांनी एका वर्षी सिडनी लुमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणला, त्याआधी बासू चटर्जींनी तोच हिंदीत केलेला 'एक रुका हुआ फैसला' त्यांनी टीव्हीवर बघितला होता. बाराच माणसं, ज्युरीची एक खोली, जवळजवळ सगळा सिनेमा तिथेच. आजोबा म्हणाले, "ती खोली हळूहळू लहान होत जाते हो." सगळे हसले. आजोबा, खोली तीच आहे, एकच सेट. ते म्हणाले, असेल, पण मला शेवटी शेवटी गुदमरायला झालं. तेव्हा फोटोग्राफी शिकणारी एक मुलगी मागून उठली आणि म्हणाली आजोबा बरोबर आहेत, लुमेटने मुद्दाम केलंय ते, सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय, मग डोळ्यांच्या पातळीवर, आणि शेवटी खाली, म्हणजे छत दिसायला लागतं, शिवाय लेन्सही जास्त जास्त लांब फोकल लेंथची घेत गेला त्यामुळे मागच्या भिंती माणसांना येऊन चिकटल्यासारख्या वाटतात. आजोबा काही बोलले नाहीत. नुसतं सगळ्यांकडे एकदा वळून बघितलं आणि खाली बसले.

'पथेर पांचाली'चं वर्ष वेगळं. एक बारावीतला पोरगा आला आणि नियम मोडून सरळ म्हणाला, बोअर झालं, स्लो आहे. सभागृह गार. मला वाटलं आता काकू घेणार फैलावर. त्यांनी फक्त विचारलं, त्यातली म्हातारी आठवते का? हो म्हणाला, वाकलेली, दात पडलेली. मग त्यांनी सांगितलं की त्या चुनीबाला देवी, ऐंशीच्या घरात होत्या, आणि सत्यजित राय यांचे पैसे संपायचे की शूटिंग बंद पडायचं, पुन्हा पैसे आले की पुन्हा सुरू, असं करत दोन-अडीच वर्षं गेली. एवढ्या काळात सिनेमातल्या छोट्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसायला लागली नाही आणि म्हातारी जिवंत राहिली, याला राय स्वतः चमत्कार म्हणायचे. चुनीबाला देवी सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच गेल्या. पोरगा गप्प ऐकत होता. पुढच्या वर्षी तोच आला, म्हणाला परत बघितला, स्लो आहेच, माझं मत बदललेलं नाही, पण ती म्हातारी जाते तो सीन मी तीनदा मागे नेऊन बघितला. मला हे फार आवडलं, मत न बदलता तीनदा बघणं.

आणि 'द लंचबॉक्स'ची गंमत तर सांगायलाच हवी. एक मावशी त्यातल्या देशपांडे आंटीबद्दल बोलत होत्या, म्हणे काय सुंदर काम केलंय, ती निळी साडी, तो चश्मा, खिडकीतून वाकून बोलायची ढब. एक जण म्हणाला, मावशी, ती दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे? म्हणजे आख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही, फक्त आवाज आहे, भारती आचरेकरांचा. मावशी मानेचनात, मी बघितलीय म्हणजे बघितलीय. पैज लागली. पुढच्या वर्षी स्टेजवर येऊन त्यांनी हार कबूल केली पण त्याच दमात म्हणाल्या, "साडी मात्र निळीच होती." आता भारती आचरेकरांचं याहून मोठं कौतुक कोण करणार सांगा!

'सैराट'चं वर्ष मात्र नुसतं भांडणातच गेलं. गाणी जास्त का कमी, पहिला भाग का दुसरा, शेवट असाच हवा होता का नको होता, घंटीचा काही उपयोग नाही. ते इथे लिहीत बसत नाही कारण प्रत्येकाच्या घरी ते झालेलंच आहे.

'पॅरासाइट' सांगतो. २०१९ चा, कोरियन दिग्दर्शक बाँग जून-होचा, इंग्रजी नसलेल्या सिनेमाला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर पहिल्यांदाच मिळालं तो. त्या वर्षी तिघा-चौघांनी तोच आणला आणि सगळे जिन्यांबद्दल बोलत होते, त्यातल्या गरीब कुटुंबाने श्रीमंताच्या घरी कामाला चढून जायचं, आपल्या घरी उतरत उतरत यायचं, ते श्रीमंतांचं घर म्हणजे सेट आहे आणि ऊन कुठून येईल ते बघून बांधलाय वगैरे वगैरे. हुशार बोलणं चाललं होतं, माझंही त्यातच. आणि आमच्यातलेच एक भाऊ, त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, ते एरवी खुर्च्या मांडायला पुढे आणि बोलायला मागे, ते उठले. स्टेजवर गेलेच नाहीत, जागेवरूनच बोलले. "ती बाई मागच्या सीटवर बसून नाकाला हात लावते आणि काच खाली करते ना, ते मला माहितीय. आरशात दिसतं ते." आणि बसले. अर्धं मिनिटही झालं नसेल. त्यानंतर ज्याची पाळी होती त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला मी पुढच्या वर्षी बोलतो.

मी तो सिनेमा त्याआधी दोनदा बघितला होता, ती काच मला दिसलीच नव्हती.

हल्ली लोक मोबाइलवर बघतात, कुणी दीडपट स्पीडने बघतं (त्यावर काकूंचा चेहरा बघण्यासारखा असतो), आणि बघायला इतकं आहे की दोन माणसांनी एकच सिनेमा बघितलेला सापडणं मुश्कील. त्यामुळे भांडणं कमी झाली, हे काही मला बरं वाटत नाही.

जाता जाता माझी एक फजिती. एका वर्षी वेळच मिळाला नव्हता, म्हणून अकिरा कुरोसावाच्या 'राशोमोन' या जुन्या जपानी सिनेमाबद्दल इकडून तिकडून वाचलेलं बोलायचं ठरवलं. कुरोसावाने कॅमेरा थेट सूर्याकडे धरला, पाऊस पडद्यावर दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली, असलं सगळं झोकात सांगितलं आणि जोरात शेवट केला की, अशा तऱ्हेने प्रत्येक जण वेगवेगळी गोष्ट सांगतो आणि शेवटी खरा खुनी सापडतो. काकूंनी घंटीवरचा हात काढला. "कोण?" म्हणाल्या. ज्यांनी बघितला होता ते हसायला लागले, आणि मी माइक हातात धरून उभा.

यंदा 'राशोमोन'च घेऊन जाणार आहे. पूर्ण बघितलाय, दोनदा. काकू पहिल्या रांगेत असतीलच आणि काय विचारणार तेही माहीत आहे, उत्तर काही अजून सापडलेलं नाही.