क्षमा मिळाली, पण उरीयाचे काय?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमच्या मंडळीत पवित्र शास्त्रातले ५१वे स्तोत्र आळीपाळीने वाचले जाते. एक वचन पाळक वाचतात, पुढचे मंडळी वाचते. एजोबाने (शुद्धीच्या विधीत शिंपडण्यासाठी वापरायच्या झुडपाने) मला शुद्ध कर, मला धू म्हणजे मी बर्फाहून पांढरा होईन, ही त्यातली विनवणी आमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे आणि मीही ती मनापासून करते. मात्र त्याआधी, चौथ्या वचनात, हे स्तोत्र ज्याचे मानले जाते तो दावीद राजा देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे, आणि तिथे दरवेळी मला उरीया आठवतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात त्याची हकीकत आहे. उरीया हित्ती हा दावीदाच्या सैन्यातला निष्ठावंत योद्धा. तो राब्बाच्या वेढ्यावर असताना राजाने त्याच्या बायकोला, बथशेबेला, बोलावून घेतले आणि तिला दिवस गेले. ते झाकण्यासाठी उरीयाला युद्धावरून बोलावून घरी जायला सांगितले, तर कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) आणि सारे सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन सुखाने कसा निजू, असे म्हणून तो राजवाड्याच्या दाराशीच झोपला. शेवटी दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले की उरीयाला लढाईच्या अगदी तोंडावर ठेवा आणि मागे हटा, म्हणजे तो मरेल. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती पाठवले. आपल्या मृत्यूचा हुकूम जवळ बाळगून हा माणूस मुक्कामी परतला, आणि तो विश्वासू होता म्हणूनच हे राजाला साधले. पुढे नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीद संतापून म्हणाला की त्या माणसाने चौपट भरपाई केली पाहिजे. तो माणूस आपणच आहोत हे कळल्यावर मात्र चौपट कोणाला द्यायचे? उरीया तर मारला गेला होता.

प्रत्येक पाप अखेर देवाविरुद्धच असते, कारण ज्याच्यावर अन्याय होतो तो त्याच्याच प्रतिरूपात घडवलेला असतो, हे मला पूर्णपणे मान्य आहे. दावीदाला क्षमा मिळाली याबद्दलही मला शंका नाही. परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, असे नाथानाने त्याला तिथल्या तिथे सांगितले. माझी तक्रार आपण या स्तोत्राचा जो वापर करतो त्याविषयी आहे. मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देताना माणूस उभा राहतो, डोळ्यांत पाणी आणून सांगतो की प्रभूने मला धुऊन शुद्ध केले, मंडळी ‘हालेलूया’ म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. ज्याचे पैसे बुडवले, जिची बदनामी केली, ती माणसे कधी कधी मागच्याच बाकावर बसलेली असतात.

पवित्र शास्त्राने हा विषय असा मिटू दिलेला नाही. गणना या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात सांगितले आहे की अपराध्याने आपले पाप कबूल करावे, शिवाय पुरी भरपाई करून तिच्यात एकपंचमांश भर घालावी आणि ज्याचा अपराध केला त्याला ती द्यावी. डोंगरावरच्या प्रवचनात येशू तर म्हणतो की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. यरीहोचा जकातदार जक्कय याला हे कोणी सांगावेही लागले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करतो, असे तो स्वतःहून म्हणाला आणि त्यानंतर येशूने त्याच्या घराला तारण झाल्याचे जाहीर केले. भरपाई करून त्याने तारण विकत घेतले नाही. येशू त्याच्या घरी आधीच उतरला होता. कृपा घरात आली की तिजोरीही उघडते, असे मी ते समजते.

आणि तो एजोब! लेवीय या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसावर एजोबाने रक्त शिंपडण्याचा विधी आहे. त्यासाठी याजक स्वतः छावणीबाहेर जातो, आणि शुद्ध ठरलेला माणूस पुन्हा छावणीत, आपल्या लोकांमध्ये येतो, तरी पहिले सात दिवस त्याने आपल्या तंबूबाहेर राहायचे असते. म्हणजे या शुद्धीचा रस्ता माणसांकडे परत जाणारा आहे.

आमच्या गावाकडच्या एका वयस्कर नातेवाइकांनी वर्षानुवर्षे शेजारच्या विधवा बाईंचा बांध कोरला होता. एका उपवासकाळात त्यांनी प्रभुभोजन (मंडळीतला भाकर व द्राक्षारसाचा विधी) घ्यायचे थांबवले, सरकारी मोजणी आणवली, खुणेचे दगड मूळ जागी रोवून घेतले आणि मधल्या पट्टीतल्या पिकाचा हिशेब करून पैसे त्या बाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवले. बाईंनी ते मोजून घेतले आणि दार लावून घेतले. त्या त्यांच्याशी पुढेही बोलल्या नाहीत. मंडळीतल्या काहींनी त्या बाईंना क्षमेविषयी चार शब्द ऐकवायचे ठरवले, तेव्हा या नातेवाइकांनीच त्यांना अडवले. मला हे फार मोलाचे वाटते, कारण साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याची शिकवण येशूने आपला शिष्य पेत्र याला दिली तेव्हा पेत्राने, माझ्या भावाने माझा अपराध केला तर, असे विचारले होते. ती दुखावलेल्याने ऐकायची आहे. दुखावणाऱ्याने ती पुढे करून हक्क सांगायचा नाही.

उरीयाला दावीद काहीच परत देऊ शकला नाही. तरीही शुभवर्तमानात मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना बथशेबेचे नाव न घेता, जी उरीयाची बायको होती तिच्यापासून दावीदाला शलमोन झाला, असे लिहिले. तारणाऱ्याच्या वंशावळीतून उरीया पुसला गेला नाही. तेव्हा पाप पदरी घेऊन कोणी आपल्या पाळकांकडे येईल, त्या वेळी त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव काय आणि त्याला परत काय देता येईल, हेही त्याच बैठकीत विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.