बाईंनी पुरा केलेला सिनेमा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असं समितीचं पत्र आलं आणि ते वाचता वाचताच काय लिहायचं ते ठरलं. शाळेवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. प्रार्थनेच्या रांगा, स्नेहसंमेलनं, खो-खोचा संघ, स्कॉलरशिपचे जादा तास. त्यावर इतर कोणी माझ्यापेक्षा चांगलं लिहील. मला लिहायचंय बाईंवर आणि त्यांनी आम्हाला दाखवलेल्या एका सिनेमावर. बाई म्हणजे कोणत्या, हे आमच्या आगेमागे शिकलेल्यांना सांगायला नको. शाळेत शिक्षिका अनेक होत्या, पण आडनाव न लावता नुसतं 'बाई' म्हटलं की इंग्रजीच्या बाईच.

सिनेमाचं नाव 'मेलडी'. १९७१ सालचा, इंग्लंडमधला. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आणि त्याच वयाची एक मुलगी एकमेकांना आवडतात आणि आम्हाला लग्न करायचंय, मोठं झाल्यावर नाही, आत्ताच, असं सगळ्यांना सांगतात. गोष्ट एवढीच. बालपणीच्या प्रेमावरचे पुष्कळ सिनेमे मी नंतर पाहिले, कामासाठी पाहिले, आवडीने पाहिले. याच्या जवळ जाणारा एकही सापडला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

तो आमच्यापर्यंत कसा आला ते सांगतो.

साल १९८६, आम्ही नववी ब मध्ये. पावसाळ्यात आमच्या वर्गात एक चिठ्ठी सापडली. भूगोलाच्या पुस्तकात घडी करून ठेवलेली, वर नाव नाही, खाली नाव नाही. चार ओळींचा मजकूर होता आणि आज वाचला तर कुणाला त्यात काही वावगं वाटणार नाही. पण तेव्हा आपल्या शाळेत मुलांचा जिना वेगळा आणि मुलींचा वेगळा, मधल्या सुट्टीत नळावरसुद्धा आधी मुली, मग मुलं. टीचर्स रूममध्ये गडबड उडाली. सगळ्यांच्या वह्या गोळा करून अक्षर जुळवायचं, पालकांना बोलवायचं, अशी चर्चा सुरू झाली. बाई आमच्या वर्गशिक्षिका. त्यांनी हेडसरांच्या टेबलावरून ती चिठ्ठी उचलली, "माझ्या वर्गाचं मी बघते" एवढंच म्हणाल्या आणि ती पर्समध्ये ठेवून दिली. हे आम्हाला शिपाईमामांकडून कळलं. वह्या गोळा झाल्या नाहीत, कुणाच्या घरी निरोप गेला नाही. चिठ्ठी कोणाची हे बाईंनी शेवटपर्यंत विचारलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटताना त्यांनी सांगितलं, नववी ब ने घरी जायचं नाही, ड्रॉइंग हॉलमध्ये बसायचं.

हॉलमध्ये रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ येऊन बसला होता. गणपतीत नाहीतर कुणाच्या लग्नाच्या आदल्या रात्री भाड्याने आणायची ती चैन, आणि भाडं बाईंनी पदरचं दिलेलं. कॅसेट त्यांच्या लंडनला असणाऱ्या भावाने तिथल्या टीव्हीवरून उतरवून पाठवली होती. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलेली पोरं, लंडनच्या पोरांचं बोलणं आम्हाला काय कळणार! बाई टीव्हीशेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि पात्रं बोलत होती तसतशा मराठीत सांगत गेल्या. अर्थ सांगत नव्हत्या, बोलत होत्या. डॅनियल बोलला की डॅनियलसारख्या, मेलडीचा बाप बोलला की घसा खरवडून.

पहिल्या काही मिनिटांतच त्यांनी आम्हाला जिंकलं. डॅनियल लॅटिमर हा बऱ्या घरचा, अबोल मुलगा. वडील वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेत, तर हा पठ्ठ्या ते वर्तमानपत्र खालून पेटवून देतो. हॉलमध्ये जो हशा झाला तो पार मैदानापर्यंत गेला असेल. मेलडी पर्किन्स गरीब वस्तीतली. ती घरातले कपडे उचलते आणि रस्त्यावर गाडी घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला देऊन त्याबदल्यात एक सोनेरी मासा घेते. बाई म्हणाल्या, "हा तिथला बोहारी. भांड्याऐवजी मासा देतोय." मग ती मुलगी तो मासा एका दगडी हौदात सोडून त्याच्याकडे बघत बसते. गाणं वाजत राहतं, कुणी काही बोलत नाही. बाईही गप्प बसल्या. मुलींच्या बाजूला इतकी शांतता मी त्या हॉलमध्ये कधी पाहिली नव्हती.

संगीताच्या परीक्षेला दोघं बाहेर थांबलेली असताना त्याच्याकडे चेलो असतो, तिच्याकडे बासरीसारखा रेकॉर्डर, आणि दोघं मिळून एक साधी बालगीताची चाल वाजवतात. आपलं मिरज तंतुवाद्यांचं गाव. आमच्या वर्गात सतारमेकर गल्लीतली मुलं होती, ती चेलोचा भोपळा कुठंय म्हणून पुढे सरकून बघायला लागली. बाईंनी कॅसेट थांबवून त्यांना टीव्हीजवळ बोलावलं, नीट बघू दिलं आणि मग पुढे लावली. अशा होत्या बाई.

आणि मग ते थडगं. दोघं एका जुन्या दफनभूमीत थडग्यावरचा मजकूर वाचतात. कुणा नवऱ्याने आपल्या गेलेल्या बायकोसाठी कोरून घेतलेला, पन्नास वर्षांच्या सुखाचा. पन्नास वर्षं म्हणजे किती, असं मेलडी विचारते. डॅनियल हिशेब सांगतो, सुट्ट्या सोडून दीडशे टर्म. मग ती विचारते, इतके दिवस तू माझ्यावर प्रेम करशील? तो म्हणतो, करणारच, एक आख्खा आठवडा तर केलंच की आधी! इथे आमच्यातला एक गणिती उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पन्नास वर्षांची शंभर सत्रं होतात." बाई त्याला खाली बस म्हणाल्या नाहीत. तिथे वर्षाला तीन टर्म असतात, आपल्याकडे दोन सत्रं, म्हणून तुझं उत्तर बरोबर आणि त्याचंही बरोबर, असं त्यांनी नीट समजावलं. इंग्रजी सिनेमा बघताना, प्रेमाच्या गोष्टीत, एका मुलाच्या गणिताला इतका मान मिळालेला मी पाहिला आहे.

तासाभराने हेडसर दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर नेमके तिथले हेडमास्तर होते. शाळा बुडवून समुद्रावर गेल्याबद्दल त्या दोघांना समोर उभं केलेलं, आणि ती दोघं शांतपणे सांगताहेत की आम्हाला लग्न करायचंय. बाईंनी हेडसरांना पाहिलं. आवाज कमी केला नाही, एक वाक्य गाळलं नाही. उठून स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि उभ्या राहून सांगत राहिल्या. हेडसर बसले. शेवटपर्यंत बसले.

पुढच्या प्रसंगात मेलडी घरी आईवडिलांना आणि आजीला विचारते, मला फक्त आनंदात राहायचंय, तर ते एवढं अवघड का आहे? ती रडते. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात, कुणाकडे उत्तर नसतं. आणि त्याच क्षणी लाईट गेली.

पावसाळी दुपार, खिडक्यांवर ताडपत्री बांधलेली. हॉलमध्ये मिट्ट काळोख. आम्ही कळवळून ओरडलो. थोडा वेळ वाट पाहिली, लाईट येईना. तेव्हा बाई म्हणाल्या, "बसा. मी सांगते."

आणि त्यांनी उरलेला सिनेमा सांगितला. नुसता आवाज. आख्खा वर्ग शाळा बुडवून रेल्वेच्या कमानीखाली जमतो, डॅनियलचा दोस्त ऑर्नशॉ भटजी होतो, लग्न लागत असतानाच शिक्षक आणि डॅनियलची आई शोधत येतात. एक मुलगा सिनेमाभर घरच्या घरी बॉम्ब बनवायला बघत असतो आणि तो कधीच उडत नाही, तो त्या दिवशी उडतो आणि आईसाहेबांच्या गाडीचे तुकडे होतात. हे सांगताना बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की हेडसरसुद्धा दचकले. मग नवरा-नवरी रुळांकडे पळतात. तिथे गँगमनची एक ट्रॉली असते, मधोमध हापशासारखा दांडा असलेली. एकाने खाली दाबायचा, दुसऱ्याने वर उचलायचा. दोघं हापसत हापसत निघतात आणि मागून ऑर्नशॉ ओरडतो. बाईंनी तोंडाभोवती हात धरून हाक दिली असावी, कारण आवाज लांबून आल्यासारखा आला, "अरे ए, मिरज जंक्शनला गाडी बदलायला विसरू नका!"

त्या वेळी आपल्या स्टेशनात तिन्ही गेज होती. पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज, लोंढ्याकडची मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज. गाडी बदलणं म्हणजे मिरज हे जिल्ह्यातल्या पोराटोरांना ठाऊक. वर्ग जो उसळला! काळोखात मुलं-मुली सगळी मिसळून टाळ्या वाजवत होती आणि जाताना कोण कोणत्या जिन्याने उतरलं ते कुणी पाहिलं नाही.

पुढे मुंबईत नोकरीला आल्यावर मी 'मेलडी' पूर्ण पाहिला. बाईंनी काहीही बदललेलं नव्हतं. ऑर्नशॉ खरोखरच ओरडतो, फक्त तिथे क्लॅफम जंक्शन आहे. एक गोष्ट मात्र पडद्यावर पाहिल्याशिवाय कळली नसती, ती म्हणजे ऑर्नशॉचा चेहरा. मेलडी आल्यावर डॅनियल त्याला मागे सोडून निघतो तेव्हाचा. जॅक वाइल्डने त्या एका प्रसंगात मित्र गमावण्याचं दुःख असं दाखवलं आहे की तो सिनेमा दोघांचा नाही, तिघांचा आहे असं मी मानतो.

मग मी त्याची माहिती काढत गेलो. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म १९३८, लखनौ. लेखिका अतिया हुसैन यांचा मुलगा, लहानपणीच इंग्लंडला गेलेला. पटकथा अ‍ॅलन पार्करची, पहिलीच. निर्माता डेव्हिड पटनम, त्याचाही पहिलाच चित्रपट. बहुतेक गाणी बी जीज या गायक भावांची. डॅनियल झालेला मार्क लेस्टर आणि ऑर्नशॉ झालेला जॅक वाइल्ड ही जोडी 'ऑलिव्हर!' या आधीच्या चित्रपटामुळे जगभर माहीत झालेली, मेलडी झालेली ट्रेसी हाइड मात्र अगदी नवी. एवढं सगळं असून ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत तो पडला. पार्कर आणि पटनम पुढे फार मोठे झाले, त्यांच्या मोठ्या चित्रपटांवर भरभरून लिहिलं जातं, आणि 'मेलडी' एका ओळीत उरकला जातो. मला याचा मनापासून राग येतो. जपानमध्ये मात्र तो तुफान चालला, तिथल्या एका पिढीने तो काळजाशी धरून ठेवला आहे. जपानी प्रेक्षकांना इंग्रजी आपल्याहून जास्त येत होतं असं नाही. त्यांना ती मुलं खरी वाटली. दिग्दर्शक त्या दोघांना एकदाही हसत नाही, 'किती गोड' म्हणून त्यांच्याकडे बघत नाही. मोठ्या माणसांच्या प्रेमाला जेवढी इज्जत देतो तेवढीच त्यांना देतो. आमची चिठ्ठी पर्समध्ये ठेवणाऱ्या बाई तेच करत होत्या.

आज मी मुंबईत डबिंगसाठी मराठी संवाद लिहितो. मुलांच्या परदेशी मालिका आणि चित्रपट मराठीत आणण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे, त्यातल्या एका मालिकेला दोन वर्षांपूर्वी पुरस्कारही मिळाला. व्यासपीठावर मी बाईंचं नाव घेतलं. पडद्यावरच्या मुलाचे ओठ मिटायच्या आत वाक्य संपलं पाहिजे आणि तरी ते आपल्या पोराच्या तोंडचं वाटलं पाहिजे, हे या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा मी त्यांना सांगतो, आमच्या बाई हे कुठल्याही स्क्रिप्टशिवाय, एका दमात, बावन्न पोरांसमोर करत होत्या.

मागच्या दिवाळीत शाळेत जाऊन आलो. ड्रॉइंग हॉल पाडला आहे, तिथे नवी इमारत आहे, वर्गावर्गात मोठे पडदे आहेत. सुधारणा झाली, आनंद आहे. पण मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे असं ऐकलं आणि जीव हळहळला. पडद्यावर आता हवं ते दिसतं, पण शेजारी खुर्ची टाकून कुणी बसत नाही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावाने ग्रंथालय व्हावं असा आमच्या बॅचचा आग्रह होता. तो अजून तसाच आहे. या वर्षी तरी व्हावं.

समितीला एक विनंती. महोत्सवातली एक संध्याकाळ 'मेलडी'साठी ठेवा. परवानगीचं आणि प्रतीचं मी बघतो, प्रोजेक्टर आणि जनरेटरचा खर्च आमची बॅच करेल. बाईंचं वय झालं आहे, पण तब्येत ठीक आहे. त्यांना ब्राह्मणपुरीतून घेऊन येण्याची आणि परत सोडण्याची जबाबदारी तिघांनी आधीच घेतली आहे. त्यांना पहिल्या रांगेत नको, पडद्याशेजारी खुर्ची द्या आणि हातात माइक द्या. सबटायटल्स लावू नका.