घरातला दुसरा पैलवान

कोल्हापुरात खेळाडूंच्या आहाराचं काम करायचं म्हणजे तालमीतली पोरं येणारच. त्या दिवशी आलेला १६ वर्षांचा होता, वजन ६४ किलो. स्पर्धा १७ वर्षांखालच्या ६० किलो गटात, आणि आठवड्यात चार किलो उतरवायचे होते. पाणी जवळजवळ बंद केलेलं, वर स्वेटर घालून पळणं. मी स्पष्ट नाही म्हटलं. असंच घाईने वजन उतरवताना १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने दगावले होते. वाढत्या वयाच्या पोराने ६५ किलोत खेळावं, हे मी त्याच्या वस्तादांनाही फोनवर सांगितलं. ते चिडले, पण ऐकून घेतलं.

मग खुराक लिहून घेतला. म्हशीचं दीड लिटर दूध, सहा अंडी, पाव किलो मटण, मूठभर बदाम. प्रोटीन १५० ग्रॅमच्या घरात, म्हणजे किलोमागे २.३ ग्रॅम. ताकदीच्या व्यायामात साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे सहसा फारसा नाही. आणि वजनाच्या धास्तीने भाकरी-भात मात्र सोडलेला! संध्याकाळच्या मेहनतीला दम पुरत नव्हता तो त्यामुळे.

सोबत आई आणि आजोबा होते. आजोबा सत्तरीचे, एकेकाळी खासबागेत कुस्त्या केलेले. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि माझं लक्ष पोरावरून उडालं.

"आबा, हात छातीवर ठेवून पाच वेळा उठून दाखवता?"

एकदाही जमलं नाही. हाताची पकड मोजली तर २१ किलो भरली. आशियाई निकषांनुसार पुरुषाची पकड २८ च्या खाली गेली की स्नायूंची झीज तपासावी लागते. वजन ५६ किलो. खाणं काय, तर सकाळी चहा-बटर, दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, रात्री चहात कुस्करलेली भाकरी. सगळं मिळून ३५ ग्रॅमसुद्धा प्रोटीन नव्हतं.

"म्हाताऱ्याला काय करायचंय खाऊन, पोरी? पोराच्या तोंडात पडू दे की."

मला हे ऐकवलं नाही. कारण हिशेब नेमका उलटा आहे. वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनला स्नायू कमी प्रतिसाद देतात. तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, तिथे म्हाताऱ्याला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतं. आबांच्या वजनाला ते दर जेवणात २२ ग्रॅम झालं. आधी मूत्रपिंडं नीट चालतात का हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं, ठीक आलं. कवळीला झेपेल असं ठरवलं: सकाळी दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध, दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, रात्री खिमा किंवा पनीर. आणि रोज खुर्चीला धरून बैठका. नुसतं खाऊन ताकद येत नाही, हे पैलवानाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आईचंही निघालं. वजन ८२ किलो, नुकतीच जिम लावलेली, आणि दिवसभर काकडी. एवढ्या वजनाला प्रोटीन थेट किलोने मोजत नाहीत. तिच्या उंचीला ६० किलो धरून ९० ग्रॅमच्या आसपास सांगितलं.

"मॅडम, खर्च कितीनं वाढंल?" तिने विचारलं.

जवळजवळ नाहीच. पोराच्या वाट्यातलं अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी आबांकडे वळवली. तरी त्याला ११५ ग्रॅम मिळतातच, आणि भाकरी-भात परत ताटात आला. आईसाठी घरचीच उसळ, डाळ आणि दही.

पोरगा ६५ किलोत खेळला. काही महिन्यांनी आबा हात न लावता खुर्चीतून उठायला लागले, पकडही वाढली. आता पुऱ्या बैठका मारू द्या म्हणून मागे लागलेत, पण फिजिओथेरपिस्टनी अजून खुर्चीपुरतीच परवानगी दिली आहे.