अंगाच्या उष्णतेवर मोबाइल चार्ज होईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अंगावर घालायच्या सेन्सरची सर्किट्स मी बनवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. उत्तर: नाही होणार.

प्रश्न मात्र रास्त आहे. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. पण वीज उष्णतेपेक्षा तापमानातल्या फरकावर तयार होते. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांत असा फरक ठेवला की काय होतं, हे १८२१ मध्ये थॉमस झीबेक यांना दिसलं. आज त्यासाठी बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक पदार्थ वापरतात. त्वचा ३४ अंशांवर आणि खोली २४ वर असेल, तर निसर्गनियमानेच जेमतेम ३ टक्के उष्णतेची वीज होऊ शकते. प्रत्यक्षात त्याचाही थोडाच भाग हाती लागतो.

आणि हे १० अंशही आपल्याला पुरते मिळत नाहीत. याच पदार्थाची, दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी, ४ सेंटिमीटर बाजूची चौकोनी पाटी (तिला पेल्टियर पाटी म्हणतात) तळहातावर ठेवून तिच्या तारा मीटरला जोडा. आकडा झटकन चढतो, आणि तुम्ही बघत असतानाच उतरायला लागतो. वरच्या बाजूला बोट लावलंत तर तीही कोमट झालेली असते. आता तिच्यावर फुंकर मारा, आकडा पुन्हा वर! म्हणजे अडतं ते हवेपाशी. पाटीतून वर आलेली उष्णता स्थिर हवा पटकन उचलून नेत नाही, म्हणून पाटीच्या दोन बाजूंत अंश-दोन अंशांचाच फरक उरतो. चालताना वारा लागला की वीज वाढते, बाहीखाली दबली की घटते. हवा त्वचेइतकीच तापली, तर काहीच मिळत नाही.

हिशेब करू. दर चौरस सेंटिमीटरला २०–३० मायक्रोवॉट धरले, तर मनगटावरच्या १० चौरस सेंटिमीटरमधून फार तर ०.३ मिलिवॉट मिळतात. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास मावतात. ती भरायला पाच वर्षांहून जास्त लागतील.

पण याच ०.३ मिलिवॉटवर माझा जीव आहे. साध्या क्वार्ट्झ घड्याळाला एखादा मायक्रोवॉट पुरतो. सेको कंपनीने १९९८ मध्ये अंगाच्या उष्णतेवर चालणारं घड्याळ विकायला काढलंही होतं. तापमान मोजून दर काही सेकंदांनी ब्लूटूथवर पाठवणारा सेन्सरही एवढ्यात भागवतो. अवघ्या २० मिलिव्होल्टवर सुरू होऊन विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवून देणाऱ्या चिप मिळतात. आजारी माणसाच्या दंडावरची पट्टी कधीच चार्जिंगला काढावी लागू नये, यासाठी मला हे काम करायचंय. मोबाइल प्लगला लावा.

यापाठोपाठ काहीजण काळजीने विचारतात, "अशाने अंगातली ताकद कमी होईल का?" नाही. ही उष्णता तशीही हवेतच जाणार होती. पट्टीखाली थोडं गार लागेल, इतकंच.